डोळ्यांसाठी गाजर कसे शिजवावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे : नऊ वर्षांच्या मुलाला नुकताच दूरचा चष्मा लागला असून, त्याचा नंबर उतरावा म्हणून आपण त्याला रोज सकाळी उपाशीपोटी गाजराचा रस देता. सासऱ्यांच्या दृष्टिपटलावरील पीतबिंदूत (पडद्याच्या मधोमध असलेल्या, बारकावे पाहणाऱ्या भागात) वयोमानानुसार होणाऱ्या बदलांची सुरुवात झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले आहे, त्यांनी अनेक वर्षांचे धूम्रपान अलीकडेच सोडले आहे, आणि कोणीतरी त्यांना बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजराला केशरी रंग देणाऱ्या आणि शरीरात जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर होणाऱ्या द्रव्याच्या, गोळ्या आणून दिल्या आहेत. गाजर कच्चे द्यावे की शिजवून, किती द्यावे, आणि स्वयंपाकात ते कसे वापरावे म्हणजे त्याचा डोळ्यांना खरोखर उपयोग होईल, असे आपण विचारले आहे. नेत्ररुग्णांना आहारविषयक सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या काळात माझी स्वतःचीही काही मते बदलली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम चष्म्याविषयी, कारण तिथे आपली निराशा करणे मला भाग आहे. लघुदृष्टीमध्ये, म्हणजे दूरचे अंधूक दिसण्याच्या दोषात, नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब वाढलेला असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. ही लांबीची अडचण आहे, पोषणाची नव्हे, आणि खाल्लेल्या कोणत्याही पदार्थाने नेत्रगोल आखूड होत नाही. मुलाने दिवसाकाठी दोन तास उजेडात, घराबाहेर घालवणे हे या बाबतीत कितीही रस पिण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. नंबर वेगाने वाढत असल्यास नेत्रतज्ज्ञांकडे त्यासाठीचे स्वतंत्र उपचारही आहेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांवरही गाजर हा इलाज नाही.

मग गाजराची ही ख्याती आली कुठून? तिच्यात तथ्य आहे, परंतु ते एका मर्यादित जागी आहे. दृष्टिपटलातील दंडपेशी मंद प्रकाशात पाहण्याचे काम करतात आणि त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन या द्रव्याचा एक घटक जीवनसत्त्व अ पासून बनतो. प्रकाशाचा कण पडला की हा घटक आपला आकार बदलतो, त्यातून मेंदूकडे संदेश जातो, आणि पुढच्या वेळी पाहण्यासाठी द्रव्य पुन्हा जुळवावे लागते. जीवनसत्त्वाचा साठा संपत आला की ही जुळणी मंदावते आणि संध्याकाळनंतर दिसेनासे होते, यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. याहीपुढे कमतरता वाढली तर डोळ्यांचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे राखाडी ठिपके दिसू लागतात आणि शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदा विरघळून कायमचे अंधत्व येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या कमतरतेमुळे दरवर्षी अडीच ते पाच लाख मुले दृष्टी गमावतात आणि त्यांपैकी निम्मी वर्षभरात दगावतात. ज्या ताटात जीवनसत्त्व अ नाही, त्या ताटात आलेले गाजर डोळे वाचवू शकते. ज्या ताटात ते आधीच पुरेसे आहे, तिथे दुप्पट गाजर दुप्पट दृष्टी देत नाही, कारण आतड्यातील जे विकर (एन्झाइम) गाजरातील कॅरोटीनचे जीवनसत्त्वात रूपांतर करते, ते शरीराकडे साठा पुरेसा झाला की आपले काम आपोआप कमी करते.

गाजराने दृष्टी घारीसारखी तीक्ष्ण होते, या समजुतीला दुसऱ्या महायुद्धात विशेष खतपाणी मिळाले. १९४० च्या सुमारास ब्रिटनमध्ये गाजराचे पीक मुबलक होते आणि सरकारचा अन्न विभाग लोकांना ते खाण्याचा आग्रह करीत होता. त्याच सुमारास जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडल्याचे श्रेय वृत्तपत्रांतून गाजरांना दिले गेले. प्रत्यक्षात त्याच्या विमानात रडार होते, आणि त्याविषयी बोलण्याची तेव्हा सोय नव्हती.

आता हिशेब पाहू, कारण पुढची सगळी पाककृती त्यावर उभी आहे. १०० ग्रॅम कच्च्या केशरी गाजरात साधारण ८,३०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि ३,५०० मायक्रोग्रॅम अल्फा-कॅरोटीन हे त्याचेच भावंड असते. अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून शरीराला १ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व अ मिळते असे धरले जाते, तर अल्फा-कॅरोटीनसाठी हे प्रमाण २४ ला १ असे आहे. म्हणजे १०० ग्रॅम गाजरातून ८३० मायक्रोग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व पदरी पडावे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ९००, स्त्रीची ७०० आणि आपल्या मुलाच्या वयाला ६०० मायक्रोग्रॅम मानली जाते. साठ-सत्तर ग्रॅमचे एक मध्यम गाजर, नीट शिजवून, मुलाची बहुतांश गरज भागवते. त्यात दूध, अंडी, हिरव्या पालेभाज्या आणि इतर केशरी फळभाज्या यांची भर पडतेच. शिवाय जीवनसत्त्व अ यकृतात साठवले जाते आणि सुपोषित माणसाला हा साठा कित्येक महिने पुरू शकतो, म्हणून गाजर रोज खाल्लेच पाहिजे असा नेमही नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा एकेक गाजर पोटात गेले तरी माझ्या दृष्टीने ते भरपूर आहे.

वरच्या हिशेबातील ‘पदरी पडावे’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. गाजरात कॅरोटीन असणे आणि ते रक्तात पोहोचणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर स्वयंपाकघरात कमी-जास्त होते. गाजराच्या पेशींत कॅरोटीन बारीक स्फटिकांच्या रूपात असते. हे स्फटिक पेशीच्या चिवट भिंतींच्या आत कोंडलेले असतात आणि ते पाण्यात विरघळत नाहीत, केवळ स्निग्ध पदार्थात विरघळतात. त्यामुळे तीन गोष्टी घडाव्या लागतात : भिंती यांत्रिक रीतीने फुटल्या पाहिजेत, उष्णतेने त्यांतील पेक्टिन हे सांधणारे द्रव्य मऊ पडले पाहिजे, आणि बाहेर आलेल्या कॅरोटीनला वाहून नेण्यासाठी त्याच जेवणात थोडी चरबी असली पाहिजे. प्रयोगशाळेत पचनक्रियेची नक्कल करून केलेल्या एका मोजणीत कच्च्या गाजराच्या तुकड्यांतून जेमतेम ३ टक्के बीटा-कॅरोटीन मोकळे झाले, कच्च्या गाजराचा लगदा केल्यावर २१ टक्के, तो लगदा शिजवल्यावर २७ टक्के आणि शिजवलेल्या लगद्यात तेल घातल्यावर ३९ टक्के. नळीतील हे आकडे प्रत्येक माणसाच्या पोटाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यांचा चढता क्रम मला फार बोलका वाटतो. सर्वांत मोठी उडी उष्णतेने नव्हे, बारीक करण्याने घेतली आहे.

मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षे रुग्णांना ‘गाजर कच्चेच खा, शिजवले की सत्त्व जाते’ असे सांगत होतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते खरेच आहे, परंतु क जीवनसत्त्वासाठी कोणी गाजर खात नाही. कॅरोटीनच्या बाबतीत माझा सल्ला जवळजवळ उलटा होता. विशेषतः दात नसलेल्या वृद्धांना मी कच्च्या चकत्या चघळायला सांगत होतो, हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

स्वयंपाकाकडे वळताना पहिली निवड गाजराच्या रंगाची. जितके गडद केशरी, तितके बीटा-कॅरोटीन अधिक. लाल गाजराच्या लालीत लायकोपीन या लाल रंगद्रव्याचा मोठा वाटा असतो आणि त्यापासून जीवनसत्त्व अ बनत नाही, मात्र लाल गाजरात सोबत बीटा-कॅरोटीनही असते, त्यामुळे ते टाकाऊ समजू नये. पिवळ्यात ल्यूटीन हे पिवळे रंगद्रव्य तुलनेने जास्त, जांभळ्यात पाण्यात विरघळणारी वेगळीच रंगद्रव्ये असतात, आणि पांढरे गाजर या कामापुरते जवळपास निरुपयोगी. पाल्यासकट गाजरे आणली असतील तर पाला लगेच कापून वेगळा करावा, नाहीतर तो मुळातील ओल ओढून घेतो आणि दोन-तीन दिवसांत गाजर लुळे पडते. सफरचंदांच्या शेजारी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होते, आणि कडू लागलेली भाजी मुलाने एकदा नाकारली की पुन्हा खाऊ घालणे कठीण जाते. साल जाड तासण्याची आवश्यकता नाही, स्वच्छ घासून धुतले किंवा हलके खरवडले तरी चालते.

रोजच्या वापरासाठी मी जी पद्धत सर्वाधिक सुचवतो ती झाकण ठेवून मंद आचेवर परतण्याची. चौघांसाठी पाव किलो गाजराच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात किंवा जाड किसणीने किसून घ्यावे. जाड बुडाच्या भांड्यात तीन-चार चहाचे चमचे तेल, तूप किंवा लोणी कोमट करून त्यात गाजर घालावे, दोन-तीन मिनिटे परतावे, मग दोन-तीन मोठे चमचे पाणी शिंपडून घट्ट झाकण ठेवावे. चकत्यांना दहा-बारा मिनिटे लागतात, किसाला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. चकती चमच्याच्या कडेने सहज कापली गेली पाहिजे, पण तिचा आकार मोडता कामा नये. शेवटी भांड्याच्या तळाशी केशरी रंगाचे तेल साचलेले दिसेल. कॅरोटीन पेशींतून बाहेर येऊन तेलात उतरल्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, म्हणून ते तेल भांड्यातच सोडू नये, भाजीसोबत वाढावे. माणशी एका जेवणात तीन ते पाच ग्रॅम चरबी, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, एवढी शोषणासाठी पुरेशी असते. अधिक तेलाने अधिक लाभ होतो असे नाही. ही चरबी गाजरातच घातलेली असावी असेही नाही, त्याच जेवणात अंडे, दाणे, तीळ किंवा सायीचे दही असेल तरी काम होते.

मुलांसाठी आणि दात अधू असलेल्या वृद्धांसाठी घट्ट सूप मला त्याहून सरस वाटते, कारण त्यात तीनही अटी एकत्र पूर्ण होतात. थोड्या तेलात चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतून त्यात गाजराचे तुकडे घालावेत, काही मिनिटे तेलातच हलवावेत, मग बुडेल एवढेच पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावे आणि शिजवलेल्या पाण्यासकट एकजीव वाटून घ्यावे. वाटताना चोथा गाळून टाकू नये. आंबटपणा हवा असेल तर लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, कारण आंबट पदार्थ आधी घातल्यास गाजर मऊ व्हायला फार वेळ घेते. हेच दाटसर वाटण मी पुष्कळ घरांना जास्त प्रमाणात करून ठेवायला सांगतो. भाज्यांच्या रश्शात, कणकेत किंवा घावनाच्या पिठात दोन चमचे मिसळले की गाजर न आवडणारे मूलही तक्रार न करता खाते.

वाफवणे आणि उकडणे यांविषयी अनेकांच्या मनात नाहक धास्ती असते. बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळत नसल्याने ते उकळत्या पाण्यात वाहून जात नाही. जाते ते क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि थोडी गोडी. गाजर अख्खे वाफवून नंतर कापले तर हेही नुकसान कमी होते आणि चव ठळक राहते. प्रेशर कुकर वापरायलाही हरकत नाही. कॅरोटीनचे खरे शत्रू दोन, दीर्घकाळची तीव्र उष्णता आणि हवा-प्रकाशाचा एकत्र मारा. खोल तळून कुरकुरीत केलेल्या किंवा उन्हात वाळवून फिकट पडलेल्या गाजराचा रंगच सांगतो की त्यातून काय गेले. भट्टीत भाजायचे असेल तर तेल चोळून, २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंतच भाजावे. काळे पडू देऊ नये.

कच्चे गाजर खाऊच नये, असा याचा अर्थ नाही. बारीक किसणीने केलेला कीस, त्यावर चमचाभर तेल किंवा दाण्यांचे कूट, आणि सावकाश चावून खाणे, एवढे पाळले तर कच्च्यातूनही बऱ्यापैकी लाभ होतो. मात्र चार वर्षांखालील मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे किंवा गोल चकत्या देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका खरा आहे. अगदी लहान बाळांबाबत आणखी एक सावधगिरी आहे. गाजरात नायट्रेटचे प्रमाण बरेच असू शकते, म्हणून तीन महिन्यांखालील बाळाला घरी केलेले गाजराचे पाणी किंवा लगदा मुळीच देऊ नये. पूरक आहार सुरू झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांच्या सुमारास, मऊ शिजवून ताजे कुस्करलेले गाजर उत्तम असते.

आता आपल्या सकाळच्या रसाकडे येतो. रस काढताना पेशी फुटतात, त्यामुळे कॅरोटीन मोकळे होण्याच्या दृष्टीने तो अख्ख्या गाजरापेक्षा वाईट नाही. अडचण अशी की उपाशीपोटी, कोणत्याही स्निग्ध पदार्थाशिवाय दिल्याने ते मोकळे झालेले कॅरोटीन फारसे शोषले जात नाही, चोथ्यासोबत तंतू फेकले जातात, आणि एका पेल्यासाठी चार-पाच गाजरे लागल्याने साखर मात्र एकवटून पोटात जाते. रस द्यायचाच असेल तर अर्धा पेला, न्याहारीसोबत द्यावा. माझे मत विचाराल तर तो बंद करून त्याच गाजरांची संध्याकाळी सर्वांसाठी भाजी करावी.

अति रसाचा आणखी एक परिणाम सांगून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीला कावीळ झाली असे समजून घाबरून घेऊन आली होती. मुलीचे तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळाधमक दिसत होता. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र स्वच्छ पांढरा होता आणि लघवीचा रंगही नेहमीचा होता. चौकशी केली तेव्हा दिवसातून दोनदा गाजराचा रस चालू असल्याचे कळले. रूपांतर न झालेले कॅरोटीन त्वचेखाली साठल्याने असे होते, ते निरुपद्रवी असते आणि गाजर कमी केल्यावर काही आठवड्यांत हळूहळू ओसरते. डोळे पिवळे दिसत असतील तर मात्र गाजराला दोष देत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे. गाजरातून जीवनसत्त्व अ ची विषबाधा होत नाही, कारण रूपांतरावर शरीराचा ताबा असतो. हा दिलासा थेट जीवनसत्त्व अ असलेल्या गोळ्यांना किंवा माशाच्या यकृताच्या तेलाला लागू पडत नाही, आणि गरोदरपणात तर त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊच नयेत.

काही जणांना उत्तम शिजवलेले गाजरही पुरत नाही. यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्याच्या आजारामुळे चरबी पचत नसेल, वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चरबीचे शोषण रोखणारी औषधे चालू असतील, तर कॅरोटीनही शोषले जात नाही. जस्ताची कमतरता असेल तर यकृतातील साठा डोळ्यांपर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो. अशा व्यक्तीला संधिप्रकाशात ठेचकाळायला होऊ लागले तर ती स्वयंपाकघरात सुटणारी बाब नव्हे, तपासणी आवश्यक आहे.

आपल्या सासऱ्यांचा प्रश्न मुळातच निराळा आहे. पीतबिंदूत जी पिवळी रंगद्रव्ये असतात ती बीटा-कॅरोटीनची नव्हेत, ल्यूटीन आणि झियाझँथिन यांची असतात. १०० ग्रॅम गाजरात ही दोन्ही मिळून २५० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतात, तर तेवढ्याच पालकात १२,००० मायक्रोग्रॅमच्या वर. त्यामुळे त्यांच्या ताटात गाजरापेक्षा गडद हिरव्या पालेभाजीला आणि अंड्याच्या बलकाला पहिला मान मिळायला हवा. तीही स्निग्ध द्रव्यातच विरघळणारी असल्याने वर सांगितलेला शिजवण्याचा नियम तसाच लागू होतो : पालेभाजी बारीक चिरावी, थोड्या तेलात झाकण ठेवून नरम करावी. गाजराचा कीस त्याच भांड्यात मिसळला तर दोघांचेही भागते आणि पालेभाजीचा उग्रपणा गाजराच्या गोडीने झाकला जातो.

गोळ्यांविषयी मात्र मी ठामपणे लिहितो. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील अशाच एका चाचणीतही धोका वाढलेला दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. पीतबिंदूच्या ऱ्हासासाठी दिल्या जाणाऱ्या मूळ गोळ्यांत १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होते. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित अभ्यासात त्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्यूटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन वापरून पाहिले गेले, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक निघाले, त्यांतील बहुतेक जण पूर्वी धूम्रपान केलेले होते. शिवाय पीतबिंदूसाठीच्या या गोळ्यांचा उपयोग मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातील ऱ्हासासाठी सिद्ध झाला आहे, सुरुवातीच्या बदलांसाठी नाही. हा धोका गोळ्यांतील एकवटलेल्या मात्रेचा आहे, ताटातील गाजराचा नाही, त्यामुळे सासऱ्यांनी भाजी आणि सूप निःशंक खावे. त्यांना मिळालेल्या गोळ्या त्यांनी आजपासून थांबवाव्यात, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती डबी सोबत न्यावी, म्हणजे वेष्टनावरील घटक वाचून नेत्रतज्ज्ञांना त्यांच्या टप्प्यानुसार काही द्यायचे की नाही ते ठरवता येईल.